सुधारणेच्या आराखड्यात आपले घर कोठे आहे?

सुधारणा हा शब्द कानाला गोड लागतो. गावाची सुधारणा होणार, पेठेची सुधारणा होणार, नदीकाठ नव्याने बांधला जाणार, असे कोणी म्हटले की त्याला विरोध करण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. मग ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या वेशीबाहेर, उकिरड्याशेजारी राहावे लागले, त्यांना तर सुधारणा हवीच असणार. रस्ता हवा, गटार हवे, दिवा हवा, नळ हवा. यांपैकी कोणतीही गोष्ट नको असे म्हणणारा मनुष्य आपल्या वस्तीत सापडणार नाही. परंतु सुधारणा हवी असणे ही एक गोष्ट आणि ती सुधारणा कोणाच्या जागेवर, कोणाच्या सल्ल्याने व कोणाच्या लाभासाठी होते हे पाहणे ही दुसरी गोष्ट. पहिलीचा विचार सर्वच करतात. दुसरीचा विचार आपण करीत नाही, आणि म्हणून पुष्कळदा सुधारणा पूर्ण होते तेव्हा आपण तिच्या बाहेर उभे असतो.

वर्धा जिल्ह्यातील पवनार या गावाच्या निमित्ताने हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. धाम नदीच्या काठचे हे गाव लहान असले तरी त्याचा इतिहास लहान नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. इतर विद्वानांनी पुढे वेगळी मतेही दिली. १९६७ साली शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले व गावाच्या मातीखाली जुन्या वस्तीचे थर उघडे झाले. १९३८ साली विनोबा भावे येथे राहावयास आले. १९४० च्या १७ ऑक्टोबरला वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ येथूनच झाला. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली याच धाम नदीत विसर्जित झाला. असे स्थान शासनाच्या नजरेत भरणार हे उघड होते.

गांधीजींच्या १५० व्या जयंतीचे वर्ष २०१९ मध्ये येणार म्हणून महाराष्ट्र शासनाने सेवाग्राम विकास आराखडा हाती घेतला. वर्धा शहर, सेवाग्राम व पवनार ही तिन्ही ठिकाणे त्यात धरली गेली. रस्ते, चौक, सभागृहे, शिल्पे, यात्रेकरूंच्या सोयी आणि पवनार येथे धाम नदीच्या काठाचे सुशोभीकरण, अशी कामे त्यात आली. एका मध्यम वस्तीच्या जिल्हा-शहराचा व त्याच्या भोवतालच्या दोन गावांचा चेहरा एकाच आराखड्याने बदलावयाचा, असा हा प्रयत्न. आमचा त्याला तत्त्वतः विरोध नाही. बाहेरचे लोक आले, त्यांनी चार पैसे खर्च केले, गावातील तरुणाला गावातच काम मिळाले, तर त्यात वाईट काय आहे? परंतु चार पैसे कोणाच्या हाती पडले, हे विचारल्यावाचून आराखड्याचे मोल ठरविता येत नाही.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी सुधारणा करणाऱ्या संस्था कशा चालतात ते आधी पाहिले पाहिजे. नगरपालिका वा ग्रामपंचायत ही लोकांनी निवडलेली असते. पाच वर्षांनी तिला मतासाठी आपल्या दारी यावे लागते. सुधारणा मंडळ, प्रन्यास किंवा विकास प्राधिकरण यांची गोष्ट निराळी. त्यांचा प्रमुख बहुधा शासनाने नेमलेला अधिकारी असतो. त्यांना जमीन ताब्यात घेण्याचा, ती सपाट करून भूखंड पाडण्याचा, रस्ते आखण्याचा व वाढलेल्या किमतीला भूखंड देण्याचा अधिकार असतो. जमीन घेताना तिची किंमत कमी असते, रस्ता व दिवे आल्यावर ती वाढते, आणि या दोन किमतींमधील अंतर हेच संस्थेचे भांडवल. या व्यवहारात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. परंतु यात गरीब वस्तीला धोका कोठे आहे ते लक्षात घ्यावे. जेथे जमीन मोक्याची व घरे मोडकी असतात, तेथे हे अंतर सर्वांत मोठे असते. आणि मोक्याच्या जागी मोडकी घरे कोणाची असतात, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

आपल्या प्रांतातील पहिला मोठा धडा मुंबईचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ च्या कायद्याने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगट वस्त्या पाडाव्या, रुंद रस्ते काढावे, हवा व उजेड आणावा, हा त्याचा हेतू. हेतू उत्तम होता. परंतु प्रारंभीच्या काळात ट्रस्टने जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. हटविलेले लोक शेजारच्या गल्लीत गेले व तेथे आधीपेक्षा अधिक दाटी झाली. पुढे ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत पूज्य बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात ते तेथेच राहत होते. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून राहिले. ती वसाहतही त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत आखली गेली होती. एकाच संस्थेच्या हातून एकीकडे दहा फुटी खोलीची चाळ व दुसरीकडे मोकळ्या हवेचा भूखंड निर्माण झाला. कोण चाळीत जाणार व कोण भूखंडावर, हे संस्थेने जातीचे नाव घेऊन ठरविले नव्हते. ते पैशाने व कागदाने ठरले. ज्या समाजाला पैसा व कागद दोन्ही पिढ्यान् पिढ्या नाकारले गेले, त्याच्या बाबतीत निकाल मात्र तोच लागला.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर शहरांच्या जुन्या मध्यभागाचे नवीकरण करण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. वस्ती सडकी आहे असे स्थानिक मंडळाने ठरवावे, ती ताब्यात घ्यावी, पाडावी व नव्या बांधकामासाठी द्यावी, अशी रीत पडली. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या रीतीवर शिक्कामोर्तब केले. सडक्या ठरलेल्या वस्त्यांपैकी कितीतरी निग्रो बांधवांच्या होत्या. नगर-नवीकरण म्हणजे निग्रोंची हकालपट्टी होय, अशा अर्थाचे उद्गार लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ साली काढले ते याचमुळे. पुढे कॅलिफोर्निया राज्यात पुनर्विकास मंडळांनी वाढलेल्या मालमत्ता-कराचा भाग स्वतःकडे ठेवून काम करावे, परंतु त्यातील पाचवा हिस्सा अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी राखून ठेवावा, असे कायद्याने ठरविले. २०१२ साली ती सर्व मंडळे, सुमारे चारशे, राज्याने बंद केली. मंडळे आली व गेली. पाचव्या हिश्श्याचा नियम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गरिबाचा वाटा सद्‌भावनेवर सोडला तर मिळत नाही, तो आकड्याने लिहून घ्यावा लागतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आला. नागपूरचे अनेक रस्ते, वसाहती व उद्याने त्याने घडविली हे मान्य केले पाहिजे. परंतु शहर प्रन्यासाच्या आखणीपेक्षा जलद वाढले. गरीब कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन मंजुरी नसलेल्या अभिन्यासांत भूखंड घेतले, घरे बांधली, आणि नंतर तीच घरे नियमित करून घेण्यासाठी त्यांना पुन्हा शुल्क भरावे लागले. त्यासाठी राज्याला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. ज्याला आधी कागद मिळाला त्याला एकदा पैसे भरावे लागले, ज्याला मिळाला नाही त्याला दोनदा.

त्याच नागपुरात अंबाझरी उद्यानाच्या पुनर्विकासाच्या कामात डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली पाडले गेले. ते पुन्हा उभारावे म्हणून महिलांना दीर्घकाळ धरणे धरून बसावे लागले. पुढे २०२४ साली १ जुलैला दीक्षाभूमीवर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दीक्षाभूमीच्या विकासाच्या आराखड्यात स्तूपाच्या परिसरात भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले. खोदकामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल अशी भीती समाजात पसरली. हजारो लोक जमले, बांधकामाची मोडतोड झाली व शासनाला त्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. मोडतोडीचे समर्थन आम्ही करीत नाही. ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपणांस बुद्धाचा मार्ग दिला, तेथे आपले वर्तन त्या मार्गाला शोभेल असेच असावे. पण विचारण्यासारखा प्रश्न असा की, या कामाला मंजुरी होती, निधी होता, निविदा होती. नव्हती ती फक्त लोकांची संमती. नकाशा पहिल्या दिवशी लोकांपुढे मांडला असता, तर मोडतोडही झाली नसती व सार्वजनिक पैसाही खड्ड्यात गेला नसता.

वर्धेकरांनीही असाच अनुभव घेतला आहे. २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिक रस्त्यावर आले आणि तोड थांबवावी लागली. झाडांसाठी सुशिक्षित नागरिक उभे राहिले, त्यांचे कौतुकच आहे. आता आपल्याला विचारावयाचे ते असे: उद्या याच रस्त्यावरील चहाची टपरी, चपला दुरुस्त करणाऱ्याचे ठाण, भाजीची पाटी हटविली गेली, तर कोण उभे राहील? दुसरे कोणी उभे राहील या भरवशावर बसणे हे आपल्या इतिहासाने आपणांस शिकविलेले नाही.

येथे दोन प्रकारचे लोक दोन प्रकारची उत्तरे देतात. काही म्हणतात, विकास ही सारी धूळफेक आहे, आराखडा दिसला की विरोध करावा. दुसरे म्हणतात, आपले लोक प्रत्येक गोष्टीत आडवे येतात, म्हणून मागे राहतात. आमच्या मते दोघेही चुकतात. मुंबईच्या वरळीतील बी. डी. डी. चाळींचे उदाहरण पाहा. १९२० च्या सुमारास स्थापन झालेल्या विकास खात्याने बांधलेल्या या चाळींत आपल्या समाजाची असंख्य कुटुंबे १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान् पिढ्या राहिली. त्यांचा पुनर्विकास म्हाडाकडे आला. काम वर्षानुवर्षे रखडले, भांडणे झाली, बैठकी झाल्या. पण १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याच जागी, मालकी हक्काने. हे का घडू शकले? शासन अकस्मात दयाळू झाले म्हणून नव्हे. प्रत्येक खोलीची भाडेपावती होती, नोंदवहीत भाडेकऱ्याचे नाव होते आणि रहिवासी संघटित होते. कागद व संघटना या दोन गोष्टी असल्या की पुनर्विकास हा शाप न राहता लाभ होऊ शकतो.

कागद नसला की काय होते हेही आपल्या जिल्ह्यात दिसते. वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. २०२२ च्या ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला. परंतु त्या जमिनीवर निंदण, वेचणी व कापणी करून ज्यांचे पोट भरत होते, त्यांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. थेट खरेदीचा व्यवहार सातबाराधारक व शासन या दोघांतच होतो, मजूर त्यात कोठेच नसतो. वास्तविक २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत, तीन वर्षे त्या जमिनीवर राबून उपजीविका करणाऱ्या भूमिहीन मजुरालाही स्थान दिले आहे. पण कायद्यातील स्थान मागितल्यावाचून मिळत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या ६ डिसेंबरला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले, ते याच कारणासाठी. जमिनीच्या कागदावर नाव असणे हाच गावातील माणूसपणाचा पहिला दाखला, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून पवनार, सेवाग्राम, वर्धा व अशाच प्रत्येक गावातील बौद्ध कुटुंबांना आम्ही काही कामे सुचवितो. ती मोठी नाहीत, परंतु टाळण्यासारखीही नाहीत.

पहिले काम घराच्या कागदाचे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या घराची पत्रिका निघाली काय, क्षेत्र बरोबर आहे काय, घरातील स्त्रीचे नाव त्यावर आहे काय, हे पाहा. घर गावठाणाबाहेर शासकीय जमिनीवर असेल तर १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे राज्याचे धोरण २०१८ मध्ये निघाले आहे. त्या तारखेपूर्वीचा कोणताही पुरावा, घरपट्टीची पावती, विजेचे देयक, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव, जपून ठेवा. गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचा प्रश्न २०२२ साली उच्च न्यायालयात उपस्थित झाला तेव्हा ज्यांच्यापाशी असे कागद नव्हते त्यांचीच झोप उडाली होती.

दुसरे काम ग्रामसभेचे. १९९३ पासून पंचायतींना संविधानात स्थान आहे आणि ग्रामसभा ही गावातील प्रत्येक मतदाराची सभा आहे. घाटावर किती गाळे निघणार, ते कोणाला मिळणार, वाहनतळाचा ठेका कोणाला, साफसफाईचे काम कोणत्या मजुरीने, हे प्रश्न तेथे विचारून ठरावात लिहून घेतले पाहिजेत. गाळ्यांपैकी ठराविक हिस्सा भूमिहीन कुटुंबांना व महिला बचत गटांना मिळावा, असा ठराव आकड्यासह मांडावा. नव्या घाटावर आपल्या हाती केवळ झाडू यावा व गल्ला दुसऱ्याच्या हाती असावा, तर गावकीची जुनीच कामवाटणी नव्या फरशीवर मांडली असे म्हणावे लागेल.

तिसरे काम हरकतीचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत नोंदविता येते. त्या तीस दिवसांत आपल्या वस्तीतून एकही हरकत जात नाही आणि तीस वर्षे आपण तक्रार करीत राहतो. वर्धा शहरात रस्त्यावर बसून विक्री करणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत व त्यांत अनुसूचित जातींना व स्त्रियांना स्थान असावे, असे तो सांगतो. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हटविता येत नाही. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात म्हटले. त्याच निकालात रीतसर कार्यवाही करून हटविण्याची मुभाही दिली, हेही विसरू नये. हक्क निकालपत्रात असतो, परंतु त्याचे रक्षण समितीच्या बैठकीत बसून करावे लागते.

चौथी गोष्ट नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी. कागदावर बौद्ध असे लिहिले तर घरकुल जाईल, सवलत जाईल, अशी भीती अजूनही काही जण घालतात व काही जण बाळगतात. ही भीती निराधार आहे. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. महाराष्ट्रातील रमाई घरकुल योजना तर अनुसूचित जाती व नवबौद्ध अशा नावानेच आहे. दाखला योग्य रीतीने काढावा लागतो एवढेच. मात्र घरकुल बांधावयाचे तर जागा हवी, आणि जागेचा कागद हवा. फिरून आपण तेथेच येतो.

कोणी म्हणेल, धम्माच्या विचारात ही घरपट्टी व सातबारा कशाला? परंतु बाबासाहेबांनी आपणांस दिलेला धम्म डोळे मिटून बसण्याचा नव्हे. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते, असे तो सांगतो. घर जाण्याचे दुःख आकाशातून पडत नाही. ते न वाचलेल्या नोटिशीतून, न गेलेल्या सभेतून व न काढलेल्या कागदातून येते. तेवढे कारण दूर करणे आपल्या हाती आहे.

दर पौर्णिमेला विहारात वंदना होते. वंदनेनंतर अर्धा तास तेथेच बसावे. ज्याला वाचता येते अशा मुलाने वा मुलीने गावात निघालेली प्रत्येक नोटीस मोठ्याने वाचावी, प्रत्येक घराचा कागद एका वहीत उतरवून घ्यावा, आणि पुढील ग्रामसभेला कोण जाणार हे तेथेच ठरवावे. पवनारच्या नदीकाठी वाकाटकांची राजधानी उभी राहिली व मातीत गेली असे मानले, तर ती बांधणाऱ्या मजुरांपैकी एकाचेही नाव आज कोणाला सांगता येणार नाही. यापुढे बांधले जाणारे घाट, पेठा व रस्ते यांच्या कागदावर मात्र आपले नाव असले पाहिजे, आणि ते लिहून घेण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नाही, आपलेच आहे.

जय भीम.